भर दुपारचा अदृश्य उजेड



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, ‘सर, पत्रिकेत विषय काय छापू?’ मी म्हटलं, ‘साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याला फिल्टर लावून भर उन्हात केलेलं अवरक्त चित्रण.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, ‘सर, आपला विषय तत्त्वज्ञान ना?’ माझा विषय तत्त्वज्ञानच. आयुष्यभर तेच शिकवलं. पण ‘आहे’ आणि ‘दिसतं’ या दोन शब्दांमधलं अंतर मला पुस्तकांनी जेवढं शिकवलं, तेवढंच एका कॅमेऱ्याने आणि चारदोन काळ्या काचांनी शिकवलं. म्हणून आज थोडा इतिहास सांगणार आहे, आणि शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट. ती फारशी अभिमानाची नाही, पण सांगितली पाहिजे.

आधी एक शब्द. ‘अवरक्त’ म्हटलं की मराठी माणसाला रक्त आठवतं. इथे ‘रक्त’ म्हणजे संस्कृतातला तांबडा रंग, आणि ‘अव’ म्हणजे खालचा. तांबड्याच्या खालचा तो अवरक्त. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. ७०० च्या पुढे तांबडा रंग मावळतो आणि आपल्यापुरता अंधार सुरू होतो. तो अंधार खरा नाही, एवढंच. घरी गेल्यावर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलांच्या पडद्यावर, विशेषतः सेल्फीच्या बाजूने, रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. डोळ्याला काही दिसणार नाही. रिमोट रोज हातात असतो, उजेडही रोज बाहेर पडतो. आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

हा उजेड पहिल्यांदा सापडला तोसुद्धा फिल्टरमुळे, हे मला फार गमतीचं वाटतं. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा वादक. इंग्लंडात आला, बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहायचा. १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस सापडला आणि त्याचं आयुष्य बदललं. आपल्याला हवी असलेली गोष्ट त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८०० मध्ये घडली. हर्शेल तेव्हा साठी ओलांडलेला. सूर्यावरचे डाग पाहण्यासाठी तो दुर्बिणीला वेगवेगळ्या रंगांच्या काळपट काचा लावून बघत होता. त्याच्या लक्षात आलं, की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला चटका बसतो, आणि काही काचांतून उजेड भरपूर येतो पण चटका नाही. दुसऱ्या कुणी चटका न बसणारी काच निवडली असती आणि काम पुढे नेलं असतं. हर्शेलला प्रश्न पडला, की उष्णता सगळ्या रंगांत सारखी वाटलेली नाही की काय?

मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट टेबलावर पाडला. काळ्या केलेल्या गोळ्यांचे थर्मामीटर घेतले. एक रंगात ठेवला, बाकीचे बाजूला, तुलनेसाठी. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ ७. मग त्याने थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे, जिथे टेबलावर काहीच रंग पडलेला नव्हता, तिथे सरकवला. पारा अजून वर गेला.

मंडळी, इथे थोडं थांबू या. टेबलाच्या त्या जागेवर डोळ्याच्या साक्षीने काहीच नाही, आणि पाऱ्याच्या साक्षीने सगळ्यांत जास्त आहे. कुणाचं ऐकायचं? हर्शेलने पाऱ्याचं ऐकलं. त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याचे निबंध आले. मौज अशी, की ‘किरण आहेत’ हे त्याचं म्हणणं बरोबर ठरलं, पण ‘सर्वांत जास्त उष्णता तांबड्याच्या पलीकडेच’ हे म्हणणं तितकं नाही. काचेचा लोलक त्या टोकाचे किरण कमी फाकवतो, त्यामुळे ते टेबलावर दाटीवाटीने पडतात आणि पारा जास्त चढतो. साधनाने खरी गोष्ट दाखवली, आणि दाखवताना थोडी स्वतःची भर घातली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी माझ्या विषयाकडे वळतो, नाहीतर संयोजकांना वाईट वाटेल. असलेली वस्तू का दिसत नाही, याची यादी आपल्याकडे फार पूर्वी झाली आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सातव्या कारिकेत आठ कारणं मोजली आहेत. वस्तू फार दूर असते. किंवा फार जवळ असते, डोळ्यातलं काजळ डोळ्याला दिसत नाही तशी. इंद्रियात बिघाड असतो. मन ठिकाणावर नसतं. वस्तू फार सूक्ष्म असते. मध्ये आडोसा असतो, त्याला म्हणतात व्यवधान. दुसऱ्या प्रबळ वस्तूने तिला झाकोळलेलं असतं, जसे दिवसा तारे. त्याला म्हणतात अभिभव. आणि आठवं, सारख्यात सारखं मिसळून जाणं. या सगळ्याचा रोख असा, की दिसत नाही एवढ्यावरून नाही म्हणू नका.

ही यादी मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहायचो. मुलं उतरून घ्यायची, परीक्षेत लिहायची. त्यातल्या व्यवधान आणि अभिभव या दोन शब्दांचा खरा अर्थ मला कळला तो कॅमेऱ्याशी झटापट करताना. तिथे येतोच आहे. पण मध्ये एक माणूस आहे, त्याला ओलांडून जाता येणार नाही.

त्याचं नाव रॉबर्ट विल्यम्स वुड. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. मोठा खटपट्या आणि खोडकर माणूस. १९०३ साली फ्रान्समध्ये नॅन्सी गावच्या रने ब्लाँदलो या नामांकित शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की नवे अदृश्य किरण सापडले आहेत. गावाच्या नावावरून त्यांना एन-किरण म्हणू लागले. क्ष-किरणांचा शोध ताजा होता, त्यामुळे अदृश्य किरणांवर विश्वास ठेवायला जग तयार होतं. फ्रान्समधल्या कितीतरी प्रयोगशाळांत ते ‘दिसू’ लागले. अंधाऱ्या खोलीत एक अंधुक ठिणगी किंचित उजळ होते की नाही, हे डोळ्याने ताडायचं, असा तो प्रयोग. १९०४ मध्ये वुड नॅन्सीला गेला. अंधारात ब्लाँदलो ॲल्युमिनियमच्या लोलकातून आलेल्या किरणांची मोजमापं सांगत असताना वुडने गुपचूप तो लोलकच काढून घेतला. मोजमापं येतच राहिली, पहिल्यासारखीच! त्याच महिन्यात वुडचं पत्र ‘नेचर’मध्ये छापून आलं, आणि फ्रान्सबाहेर तरी एन-किरणांवर कुणी विश्वास ठेवेनासं झालं.

ब्लाँदलो लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो प्रामाणिक होता. त्याला दिसत होतं. म्हणजे ‘दिसत नाही म्हणून नाही’ ही जशी चूक, तशी ‘दिसतं म्हणून आहे’ हीसुद्धा चूक. हर्शेल आणि ब्लाँदलो, दोघेही न दिसणाऱ्या किरणांच्या मागे लागलेले. फरक एवढाच, की हर्शेलच्या टेबलावरचा थर्मामीटर कुणी उचलून नेला असता, तर हर्शेलला वाचन देता आलं नसतं.

आणि आता गंमत बघा. अदृश्य किरणांचा असा भोपळा फोडणारा हाच वुड काही वर्षांनी अदृश्य उजेडात काढलेले फोटो घेऊन जगासमोर आला. १९१० साली त्याने ते प्रसिद्ध केले. गर्द निळी कोबाल्ट काच आणि पोटॅशियम बायक्रोमेटचं द्रावण यांची जोडी त्याने फिल्टर म्हणून वापरली. एक निळा सोडून बाकीचे रंग अडवते, दुसरं तो निळा अडवतं. दोन्हींतून पार होतो तो फक्त तांबड्याच्या टोकाचा आणि पलीकडचा उजेड. त्या काळच्या काचेच्या प्लेटा या उजेडाला फारशा दाद देत नसत, म्हणून भर उन्हातही काही मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागे. चित्रं आली ती अशी: आकाश काळं, झाडं पांढरीशुभ्र, जणू बर्फ पडलंय. झाडांच्या या पांढरेपणाला आजही ‘वुड परिणाम’ म्हणतात. विद्यार्थी विचारतात, ‘सर, वुड म्हणजे लाकूड ना?’ लाकडाचा काही संबंध नाही, माणसाचं नाव आहे.

झाडं पांढरी का? हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड खातं, हिरवा थोडाफार परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण जवळच्या अवरक्त उजेडाचं हरितद्रव्याला काही करायचं नसतं. तो पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यात ठेचकाळत बाहेर फेकला जातो. निरोगी पान हिरव्याचा साधारण दहावा हिस्सा परत पाठवत असेल, तर या उजेडाचा जवळजवळ निम्मा. आकाश काळं का? हवेतले रेणू आखूड लांबीचा निळा प्रकाश खूप विखुरतात, लांब तरंगांचा फार कमी. आकाशाकडून उजेड येतच नाही, म्हणून काळोख.

या पांढरेपणाचा उपयोग माणसाने आधी कशाला करावा? युद्धाला. हिरव्या रंगात रंगवलेला रणगाडा डोळ्याला झाडीसारखा वाटतो, पण रंग काही पान नव्हे. अवरक्त चित्रात झाडी चमकते आणि रंगवलेलं जाळं काळं पडतं. दुसऱ्या महायुद्धात यासाठी खास रंगीत फिल्म निघाली. तिच्यात निरोगी झाडी तांबडी दिसे आणि खोटी हिरवाई वेगळी पडे. पुढे तीच फिल्म शेतीच्या कामाला आली, कारण झाड आजारलं की त्याची अवरक्त चमक कमी होते, कधीकधी डोळ्याला पिवळेपणा जाणवायच्याही आधी. आपल्याकडे १९७० च्या सुमारास पिशारोथ राम पिशारोटी यांनी केरळातल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन, अशा फिल्मवर फोटो घेऊन, मूळकूज रोगाची झाडं ओळखायचा प्रयोग केला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात. हे पिशारोटी म्हणजे पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून गेला, त्याच्या कॅमेऱ्यांतही एक पट्टा जवळच्या अवरक्ताचा होता. आज पिकांचे नकाशे निघतात, त्यांच्या मुळाशी वुडची ती पांढरी झाडं आहेत.

आता कॅमकॉर्डर. फिल्मच्या काळात अवरक्त चित्रण हे कसबी माणसाचं काम होतं. खास फिल्म, ती अंधारात भरायची, थंड ठेवायची. व्हिडिओ कॅमेऱ्याने हे सगळं उलटंपालटं केलं. त्याच्या आत फिल्मच्या जागी सिलिकॉनची चकती असते, आणि सिलिकॉनला जन्मतःच १००० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत दिसतं. म्हणजे प्रत्येक घरगुती कॅमेऱ्याला अवरक्त दिसू शकतं! पण तसं दिसलं तर लग्नाच्या चित्रणात रंग बिघडतील, काळा कोट किरमिजी होईल. म्हणून बनवणारे चकतीसमोर एक फिकट निळसर-हिरवी काच बसवतात, ती अवरक्त अडवते. हे आपलं व्यवधान.

१९९८ साली सोनी कंपनीने ‘नाइटशॉट’ नावाची सोय असलेले हॅण्डीकॅम आणले. कळ सरकवली की ती अडवणारी काच बाजूला होते आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेला अवरक्त दिवा लागतो. मिट्ट काळोखात झोपलेलं बाळ, बिळातून निघणारा प्राणी, हिरवट चित्रात दिसू लागतो. उद्देश साधा होता. पण त्याच उन्हाळ्यात जपानमध्ये बभ्रा झाला: हीच सोय दिवसा वापरली आणि पुढे काळा अवरक्त फिल्टर लावला, तर काही कपड्यांच्या आरपार अंधुक दिसतं. काही रंग डोळ्याला गडद असतात, पण अवरक्ताला अडवत नाहीत, म्हणून पातळ कापड विरल्यासारखं होतं. बातम्यांनी ते बरंच फुगवलं. पण मुळात काहीच नव्हतं, असं नाही. कंपनीने माल थांबवला आणि कॅमेऱ्यात बदल केला. पुढच्या कॅमेऱ्यांत ही सोय चालू असताना आयरिस सताड उघडी आणि शटर मंद, असं बांधून ठेवलं. रात्री काही अडत नाही. दिवसा मात्र इतका उजेड आत येतो, की चित्र पांढरंफटक.

या बदलानंतरचा, त्याच धाटणीचा एक कॅमेरा माझ्या पुतण्याने मला परदेशातून आणून दिला. मी तेव्हा साताऱ्याला होतो. मला वुडची झाडं बघायची होती, बस्स. विकत मिळणारे अवरक्त फिल्टर तेव्हा साताऱ्यात कुठले मिळायला? मग एक जुनी युक्ती केली. स्लाइडची रंगीत फिल्म, एकही फोटो न काढता, तशीच धुऊन आणली. ती काळीकुट्ट येते. डोळ्याला काळी, पण तो काळेपणा रंगद्रव्यांचा असतो आणि ती द्रव्यं अवरक्ताला वाट देतात. चांदीच्या कणांची कृष्णधवल फिल्म इथे चालत नाही, ती दोन्ही अडवते. दोन पदर कापून भिंगावर बसवले आणि संगम माहुलीला गेलो. एप्रिलची दुपार, कृष्णा-वेण्णेचा संगम, काठावरची देवळं. कळ सरकवली. पडद्यावर नुसता पांढरा पडदा!

आमच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे एक सहकारी बरोबर होते. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही उजेड निवडलात, पण कमी कुठे केलात?’ मग आम्ही उजेड कमी करणाऱ्या करड्या काचा आणल्या, ज्यांना एनडी फिल्टर म्हणतात. एक काच आठव्या हिश्शावर आणते, दोन लावल्या तर चौसष्टाव्या. तरीही चित्र पांढरंच. कारण चौसष्टावा हिस्सा हा हिशेब दिसणाऱ्या उजेडाचा! अनेक करड्या काचा अवरक्ताला जवळजवळ मोकळंच सोडतात. एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन पोलरायझर पट्ट्यांचंही तेच: डोळ्याला काळोख, अवरक्ताला उघडं दार. आपण ज्याला ‘काळं’ म्हणतो, ते फक्त आपल्यासाठी काळं असतं.

शेवटी युक्ती सापडली ती अगदी बाळबोध. काळ्या पुठ्ठ्याला छोटं गोल भोक पाडायचं आणि तो भिंगापुढे धरायचा. भोकाला तरंगलांबीशी देणंघेणं नसतं. भिंगाची उघडी वाट २४ मिलिमीटर धरली आणि भोक ४ मिलिमीटरचं, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने उजेड छत्तिसाव्या हिश्शावर येतो, कुठल्याही रंगाचा. मात्र झूम पूर्ण पुढे न्यावा लागतो, नाहीतर कडेने पुठ्ठाच दिसतो. पुढे मला खरे फिल्टर मिळाले, ७२० नॅनोमीटरच्या पुढचं सोडणारा होयाचा आर७२ आणि त्याहून गडद कोडॅक रॅटन ८७सी. ८७सी लावला की दिसणारा उजेड तर पूर्ण जातोच, अवरक्ताचाही अलीकडचा भाग जातो, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा भार हलका होतो. फोकसची चिंता नसते, कारण कॅमेरा त्याच अवरक्त चित्राकडे बघून फोकस साधतो.

आणि मग एका दुपारी पडद्यावर माहुली उमटली. पिंपळ पांढरा. पाणी शाईसारखं. आकाश जवळजवळ काळं. धुरकटपणात हरवलेला अजिंक्यतारा रेखीव, कडा मोजाव्यात असा. दुपारी दीडचं ऊन, आणि चित्र मात्र पौर्णिमेच्या रात्रीचं. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. तिथे मला ती सातवी कारिका कळली. आतली काच हटवली, ते व्यवधान गेलं. बाहेर काळा फिल्टर लावला, अभिभव गेला. फिल्टरने चित्रात काहीही घातलं नाही. त्याने फक्त मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला गप्प केलं, म्हणून हळू बोलणारा ऐकू आला.

आता ती गोष्ट. मी तो कॅमेरा उत्साहाने वर्गात दाखवला, आवारातल्या झाडांची चित्रं दाखवली. स्नेहसंमेलनाच्या आधी एक विद्यार्थिनी खोलीत आली. हुशार, कमी बोलणारी. दारातच उभी राहून म्हणाली, ‘सर, तुमचा तो कॅमेरा उद्या आणू नका ना.’ मी विचारलं, का? ती म्हणाली, ‘मुलींमध्ये चर्चा आहे. पेपरात आलं होतं.’ मला राग आला, मंडळी. माझ्यावर संशय? मी तिला आयरिस, शटर, पुठ्ठा, सगळं समजावून सांगितलं. या कॅमेऱ्यात मुळात ते होऊ नये अशी तजवीज आहे, हेसुद्धा सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘पण सर, तुम्ही ती तजवीज पुठ्ठा लावून काढून टाकलीत ना? आणि तुम्हाला काय दिसतंय ते आम्हाला कसं कळणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मनात काही नव्हतं हे खरं, पण तिचा प्रश्न माझ्या मनाबद्दल नव्हताच. कुणी डोळ्याने बघतं तेव्हा बघणारा आणि बघितला जाणारा, दोघांनाही ठाऊक असतं की काय दिसतंय. ती बरोबरी माझ्या काळ्या काचेने मोडली होती. आठ कारणांच्या यादीत मला त्या दिवशी एक नववं कारण लिहावंसं वाटलं: वस्तू आहे, इंद्रिय शाबूत आहे, आडोसा नाही, तरी ती दिसत नाही, कारण ती दिसू नये असं माणसांनी ठरवलं आहे. निसर्गाचे अडथळे दूर करणं हे ज्ञान. पण प्रत्येक अडथळा निसर्गाचा नसतो. काही अडथळे म्हणजे दुसऱ्याची अब्रू. त्या कॅमेऱ्यातलं बांधून ठेवलेलं शटर हा तसा अडथळा होता, आणि मी तो पिंपळासाठी का होईना, हसतखेळत उचकटला होता.

कॅमेरा मी संमेलनाला नेला नाही. पुढे कधीही माणसांच्या गर्दीत नेला नाही. तिला त्या दिवशी नीट ‘बरोबर आहे तुझं’ म्हणालो का, ते मात्र आठवत नाही. बहुधा नाही म्हणालो. म्हणून आज म्हणतो.

आता शेवटचा प्रश्न, जो मला नेहमी विचारतात: खरा पिंपळ कुठला, हिरवा की पांढरा? माझं उत्तर असं, की दोन्ही चित्रं पिंपळाचीच आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पांढरं चित्र जास्त खरं, आणि हिरवा हा डोळ्याचा भ्रम, असं म्हणण्याचा मोह होतो. पण पडद्यावरचा तो ‘पांढरा’ रंगही अवरक्ताचा नाही. अवरक्ताला रंगच नाही, तो रंग कॅमेऱ्याने आपल्या सोयीसाठी उसना दिलेला आहे. हर्शेलचा लोलक आठवा: साधन खरं दाखवतं, आणि दाखवताना स्वतःची भर घालतं. मग ब्लाँदलोपेक्षा आपण वेगळे कशाने? एका कसोटीने. फिल्टर काढला की चित्र बदललं पाहिजे. कुणी गुपचूप आपला लोलक उचलला, तर आपलं बोलणं थांबलं पाहिजे. ते तसंच चालू राहत असेल, तर आपण जग बघत नसून स्वतःलाच बघत आहोत. ही कसोटी किरणांनाच लागू आहे, असं समजू नका. आपल्या ठाम मतांनाही लावून बघा.

जाता जाता एक धोक्याची सूचना, ती नीट ऐका. या काळ्या काचांतून किंवा फिल्मच्या पट्टीतून सूर्याकडे कधीही बघू नका, ग्रहणातसुद्धा नाही. १९९५ आणि १९९९ च्या ग्रहणांच्या वेळी लोक घरातली काळी फिल्म शोधत फिरत होते. डोळ्याला काळोख वाटतो, बाहुली मोठी होते, आणि न दिसणारे किरण सरळ आत जातात. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. हर्शेलला निदान चटका तरी बसला होता.